कोटाचं अस्तर

४ मार्च

आज अग्निशमन केंद्रातल्या सगळ्या जवानांना बांगड्या भरून आले!

शब्द माझा नाही, मामांचा. मी एकेकाच्या मनगटात रबराची पांढरी पट्टी अडकवत होते. मामा दाराला टेकून बघत होते. म्हणाले, "घ्या रे. एवढी वर्षं आगीत काढली आणि आता ही पोर बांगड्या भरतेय आपल्याला." एकच हशा पिकला. आणि मग स्वतःचा हात सगळ्यांच्या आधी पुढे केला. मामांनी हात पुढे केला म्हटल्यावर बाकीचे आपोआप रांगेत.

मामा कोणाचेच मामा नाहीत. केंद्रातले सगळ्यात जुने. बाबांच्या हाताखाली लागले, आता दादा त्यांच्या हाताखाली. तीन महिन्यांत निवृत्त होतील. कोटांचं कोठार त्यांच्या ताब्यात, आणि कोठारात एक शिलाई मशीन. फाटलेले कोट तेच शिवतात. मला ते चिमटाबाई म्हणतात, कारण पट्टी मी चिमट्याशिवाय उचलत नाही.

पट्टीचं काम एवढंच — हवेतलं, घामातलं, काजळीतलं जे काही अंगाला लागतं ते शोषून घ्यायचं. आठ दिवस घालून ठेवायची. मग चिमट्याने काढायची, फॉइलमध्ये गुंडाळायची, कडा चारही बाजूंनी दुमडायच्या, बोट लावायचं नाही. वर लेबल. नाव आणि या आठवड्यात किती आगी. पुढे प्रयोगशाळेत कळतं आत काय काय मुरलंय.

नमुना म्हणून मामांना एक पाकीट बांधायला दिलं. पुरणाची पोटली बांधावी तसं बांधलं. आणि आगीच्या रकान्यात लिहिलं — "मोजल्या नाहीत."

६ मार्च

दुखापतींची माहिती घ्यायला बसले. एकेकाला विचारते, कामावर कधी दुखापत? "नाही बुवा." दुसरा? "तशी नाही." तिसऱ्याच्या कानाची अर्धी पाळीच नाही! मी तिकडे बोट दाखवलं तर म्हणतो, "हे होय? हे जुनं आहे." एकाचा गुडघा दर पावलाला कटकट वाजतो. तीही दुखापत नाही. "वय झालं." वय अडतीस.

कपाळाला हात लावला.

बाबाही असेच होते. मूत्राशयाच्या कॅन्सरने गेले, दोन वर्षं होतील. कधी विडी नाही, तंबाखू नाही. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं होतं, "काम काय करायचे?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुढचं पान उलटलं. त्या उलटलेल्या पानाचा राग मला अजून आहे. हे संशोधन मी त्या रागावरच करते आहे, माझ्या मार्गदर्शक मॅडमना काहीही सांगितलं तरी!

७ मार्च

संध्याकाळी मामा घरी आले, सोबत बुटक्या आणि आणखी दोघं. (बुटक्या सहा फुटांच्या वर आहे. म्हणूनच.) सगळे सोफ्याच्या कडेकडेने, अवघडून बसले. आगीत बिनदिक्कत घुसतात आणि दिवाणखान्यात पाहुण्यांसारखे बसायला सांगितलं की पाचावर धारण बसते यांची.

मामांनी पिशवीतून दुपटं काढलं. वहिनीच्या मांडीवर ठेवलं. म्हणाले, "साहेबांच्या शेवटच्या कोटाचं अस्तर आहे."

बाबांचा कोट! केंद्रात खुंटीवर होता, निवृत्तीनंतरही कोणी काढला नव्हता. वरचं जाड पिवळं कापड मोडीत गेलं असेल, पण आतलं अस्तर वर्षानुवर्षं अंगाला घासून मऊसूत झालेलं. मामांनी चौकोन जोडून, दुहेरी करून, वर पिवळ्या दोऱ्याने धावदोरा घातलाय. एवढ्या जाडजूड बोटांनी एवढा बारीक टाका!

केंद्राची पद्धतच आहे ही. कोणाकडे बाळ येणार असलं की घरातल्या माणसाच्या जुन्या कोटाच्या अस्तराचं दुपटं. मामांनी वहिनीला नियम सांगितले. "धुवायचं नाही हं. आगीतून परत आलेलं कापड आहे, धुतलं की गेलं सगळं. आणि आधी आईने घ्यायचं. रोज झोपताना पोटावर. मग बाळाला. यात गुंडाळलेलं पोर कशाला भीत नाही."

मी मुद्दाम रुसून विचारलं, "मग मला का नाही मिळालं?"

"तू झालीस तेव्हा ही पद्धत पडली नव्हती, चिमटाबाई."

ते गेल्यावर वहिनी आणि मी दोघी नाक खुपसून बसलो. धूर, थोडं तेल, थोडा घाम. बाबा दारातून आत आले की हाच वास यायचा. मी रडले. दादा उगाचच पंख्याचं बटण दुरुस्त करत बसला.

अकरा वर्षांनी पाळणा हलणार आहे या घरात. बाबा असायला हवे होते.

११ मार्च

मॅडमचा फोन. "जवानांच्या पट्ट्या ठीक, पण तुलनेला कोण? आगीजवळ कधीच न जाणारी माणसं घे. शून्य आगीवाली."

तीन शून्यं मिळवली. केंद्राचा स्वयंपाकी, कार्यालयातला कारकून, आणि तिसरी वहिनी. ती गेले चार महिने घराबाहेरसुद्धा फारशी पडलेली नाही. डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय. यापेक्षा स्वच्छ माणूस कुठे मिळणार?

पट्टी घालताना म्हणाली, "म्हणजे मी शून्य?"

"संशोधनापुरती."

"नाही, आकारानेही आहेच की." पोटावर हात ठेवून इतकी हसली की मलाच भीती वाटली.

लेबल तिनेच लिहिलं. आगी — शून्य.

१५ मार्च

गाद्यांच्या गोदामाला आग. मी मागच्या गाडीतून गेले, लांब उभी राहिले. तरी तोंडात कडवट चव आहे अजून. गादीतला फोम जळतो तेव्हा धूर काळाही नसतो नुसता, पिवळट असतो, चिकट.

ज्याच्यासाठी गेले होते ते दिसलं. आग असेपर्यंत सगळ्यांच्या तोंडावर मास्क, पाठीवर सिलिंडर, सगळं चोख. आणि विझली की — झालं! मास्क उतरवले. खरं तर तेव्हाच तासभर राख उपसायची असते, आत कुठे धुगधुगी राहिलीय का बघायला. ती राख सगळे उघड्या तोंडाने उपसतात. मी ओरडले तर एक जण म्हणतो, "अहो, विझली ना आता!"

बुटक्याला नवा कोट मिळालाय. पिवळाधमक. तो कोपऱ्यात जाऊन राख चोळत होता त्याला. कोरा कोट म्हणजे कोरा माणूस, सगळे हसतात. काळा कोट म्हणजे मान. मामांच्या कोटाचा मूळ रंग कोणता हे पैजेवर सांगावं लागेल.

परत आल्यावर काळ्या हातांनी चहा. मी हात धुवा म्हटलं तर मामा म्हणाले, "चहा कपात आहे, हात बाहेर आहे." काय बोलणार!

दादाने मात्र धुतले. माझ्याकडे बघत बघत धुतले, पण धुतले.

१९ मार्च

सगळी पाकिटं प्रयोगशाळेत रवाना.

२६ मार्च

वहिनीला सगळ्याच वासांनी मळमळतं. फोडणी, साबण, दादाचं तेल. फक्त दुपट्याच्या वासाने नाही. ते पोटावर घेतलं की झोप लागते म्हणते. दुपारीसुद्धा घेते आता.

२ एप्रिल

निकाल आले. जवानांचे आकडे मला हवे होते तसे, म्हणजे वाईट. आपलं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद झाला आणि लगेच त्याची लाजही वाटली.

स्वयंपाकी — जवळजवळ काही नाही. कारकून — काही नाही.

वहिनी — जवानांइतकं.

तीनदा वाचलं. मग हसले. मी पाकिटं अदलाबदल केली, दुसरं काय! दुसऱ्यांना चिमट्यावरून झापते आणि स्वतः लेबलांचा घोळ घालते. मॅडमना फोन करून माझ्याच डोक्यावर खापर फोडून घेतलं. त्या म्हणाल्या, "असेलही. पुन्हा घाल पट्टी. या वेळी तिचं पाकीट वेगळं पाठव."

घरी कोणाला काही बोलले नाही. पट्टी पुन्हा घातली. वहिनी म्हणाली, "पहिली आवडली नाही का तुझ्या मॅडमना?"

५ एप्रिल

घोळ झालेला नाही. लेबलावर अक्षर वहिनीचं आहे. तिने स्वतः लिहिलं आणि पट्टी काढल्याबरोबर पाकिटावर स्वतःच चिकटवलं, मी बघितलं होतं. हे मला आज भांडी घासताना आठवलं.

७ एप्रिल

दादाशी भांडण.

चूक माझीच, पण मला दुसरं काही सुचेना. आग घरात आणतो कोण? दादा. मग मी त्याची पिशवी उपसली, बूट बाहेर टाकले, तेही आणि गाडीची आसनंही ओल्या फडक्यांनी पुसून फडकी पाकिटात भरली. तो दारात उभा राहून बघत होता.

"मी केंद्रावर दोनदा अंघोळ करतो. दोनदा! सगळे हसतात मला. अंगावरचे कपडे तिथेच ठेवतो, घरचे घालून येतो. तू सांगितलंस ते सगळं करतो. अजून काय करू, कातडी सोलून ठेवू?"

वहिनीने आतून हाक मारली, काय चाललंय म्हणून. आम्ही दोघंही एकदम म्हणालो, "काही नाही."

मग जिन्यात बसून त्याला निकाल सांगितला. त्याने मी बाहेर टाकलेले बूट उचलून शेजारी नीट लावले. मग विचारलं, "बाळाला?" मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नाही. पट्टी सांगते आसपास काय आहे, आत किती गेलं ते नाही सांगत.

अकरा वर्षं त्या दोघांनी काय काय सोसलंय ते मी बघितलंय. तीन वेळा आशा लागून गेली. आणि आता हे. देवा, माझ्या पट्ट्या खोट्या ठरू दे, मी हे काम सोडून देईन!

१६ एप्रिल

दुसरा निकाल. पहिल्यापेक्षा जास्त.

गाडीची फडकी स्वच्छ. दादाचे बूट स्वच्छ.

म्हणजे घरात काहीतरी आहे, आणि ते वहिनीच्या जवळ आहे.

१७ एप्रिल

सापडलं.

घरभर पट्ट्या टांगायला निघाले होते. स्वयंपाकघर झालं, बैठक झाली, न्हाणीघर झालं. झोपायच्या खोलीत वहिनी कुशीवर झोपली होती. उशाशी पट्टी अडकवावी म्हणून वाकले, तोल सावरायला हात टेकला. हाताखाली मऊ लागलं.

मी तशीच वाकलेली राहिले.

काजळी कोटाच्या अस्तरापर्यंत मुरते, घामाबरोबर आत ओढली जाते, यावर मी पानंच्या पानं लिहिलीत! लोकांना चित्रं काढून दाखवलीत. आणि न धुतलेल्या कोटाचं अस्तर महिनाभर माझ्या डोळ्यांसमोर वहिनीच्या पोटावर होतं. मी स्वतः रोज जाता-येता त्यात नाक खुपसत होते. मला कोट दिसलाच नाही. मला बाबा दिसत होते.

हळूच ओढून काढायला गेले. वहिनीने झोपेतच घट्ट धरलं.

१८ एप्रिल

सांगितलं. वहिनी आधी हसली, मग माझा चेहरा बघून थांबली. दुपटं स्वतःच्या हाताने चिमट्यासारख्या दोन बोटांत धरून माझ्या पिशवीत टाकलं. मग न्हाणीघरात गेली. पाण्याचा आवाज येत राहिला, येतच राहिला. मी दार वाजवलं तर आतून म्हणाली, "थांब, अजून वास जात नाही."

दादा म्हणाला, "बाबांचं आहे ते. फेकू नकोस." मग म्हणाला, "फेक."

एक कोपरा कापून प्रयोगशाळेत पाठवला. त्यासाठी मामांचा धावदोरा एकेक टाका उसवावा लागला.

२४ एप्रिल

प्रयोगशाळेतल्या माणसाचा स्वतःहून फोन. आजवर कधी केला नव्हता. "ताई, हे कुठल्या धुराड्यातून काढलंत?"

वहिनीच्या तपासणीला गेलो होतो. ठोके चांगले, वजन चांगलं. डॉक्टर म्हणाल्या, काळजीचं कारण दिसत नाही. "दिसत" या शब्दावर मी घरी येईपर्यंत अडकले होते.

२५ एप्रिल

आज दादाला विचारलं, ही पद्धत सुरू कुठून झाली? केंद्राच्या नियमावलीत तर नाही.

त्याने आधी खोलीचं दार लोटलं. मग म्हणाला, "तुला खरंच माहीत नाही?"

मामांना मुलगी होती. एवढं मला माहीत होतं. लहानपणी गेली, एवढंही. घरात तिचा विषय निघाला की आई आवाज खाली करायची, म्हणून आम्ही विचारायचो नाही. दादा मोठा, त्याला आठवतं. सगळे तिला छोटी म्हणायचे. ती व्हायच्या आधी मामा एका कापडगिरणीच्या आगीत अडकले होते. छप्पर खाली आलं आणि ते चालत बाहेर आले, अंगावर ओरखडा नाही. त्या कोटाचं अस्तर काढलं आणि मुलीसाठी दुपटं शिवलं. शिवता येत नव्हतं, तेवढ्यासाठी शिकले. हे पहिलं दुपटं. छोटीला त्याच्याशिवाय झोप यायची नाही. एक कोपरा तोंडात धरायची म्हणे. शाळेत जायला लागली तरी सोडलं नाही.

आठव्या वर्षी गेली. रक्ताचा कॅन्सर.

"ते दुपटं?" मी विचारलं.

"तिच्याबरोबरच गेलं. मामांनीच पांघरलं म्हणतात." आणि मग तिच्या आठवणीसाठी मामा केंद्रातल्या प्रत्येक बाळाला शिवायला लागले. छोटीचा आशीर्वाद म्हणून. कोणी तोंडाने म्हणत नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. मला सोडून.

दादाने विचारलं, "मामांना तू हे सांगणार?"

२६ एप्रिल

एका मुलीवरून काही सिद्ध होत नाही. रक्ताचा कॅन्सर आगीजवळही न गेलेल्या घरांतल्या मुलांनाही होतो. बाकीची दुपट्यातली पोरं धडधाकट आहेत, एक तर कुस्ती खेळतो. कोणीही शहाणा माणूस हेच म्हणेल. मी शहाणी आहे. मी हेच म्हणतेय. सकाळपासून म्हणतेय.

२८ एप्रिल

न सांगता भागेल असं वाटलं होतं. नाही भागणार. केंद्रावर गेले तर कोठारातून मशीनचा आवाज. बुटक्याच्या बायकोला सहावा लागलाय. मामा तिच्यासाठी शिवत होते. बुटक्याचा कोट नवा, म्हणून अस्तर स्वतःच्या कोटाचं घेतलंय. त्या कोटाचं! ज्याचा रंग कोणाला माहीत नाही.

म्हणाले, "माझा शेवटचा कोट. निवृत्तीला काय करायचाय, पोराच्या अंगावर राहील."

मी दारातून परत आले. भेकड आहे मी.

३० एप्रिल

आज सांगायला गेले. खोटं सांगायचं ठरवून गेले. नवा नियम आलाय, मोडीतले कोट सगळे जमा करायचे, अस्तरासकट, असं.

"कोणाचा नियम?"

"वरून आलाय."

मामांनी मशीनवरचा पाय काढला. माझ्याकडे बघितलं. लहानपणी मी फुलदाणी फोडून मांजरावर ढकललं होतं तेव्हा बघितलं होतं, अगदी तसं. म्हणाले, "चिमटाबाई, नीट सांग."

मग सांगितलं. वहिनीची पट्टी, गाडी पुसली ते, कोपरा कापला ते. ते ऐकत राहिले. मांडीवर बुटक्याच्या बाळाचं अर्धं दुपटं तसंच.

"धुतलं तर?"

"थोडं जातं. सगळं नाही जात."

"कापडात किती वर्षं राहतं हे?"

"पुष्कळ."

"लहान मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त लागतं का?"

मी म्हणायला हवं होतं, हो. किंवा माहीत नाही. किंवा काहीच नाही. मी भलतंच बोलून बसले — "एका मुलीवरून काही सिद्ध होत नाही, मामा."

त्यांनी मुलीचं नावसुद्धा काढलं नव्हतं!

मामांनी मांडीवरचं दुपटं बाजूला ठेवलं. सुईतून दोरा काढला, रिळावर नीट गुंडाळला. मशीनवर झाकण घातलं. मग म्हणाले, "बुटक्याला मी सांगतो. तू नको सांगूस, त्याला वाईट वाटेल."

जीभ हासडून टाकावीशी वाटते.

२ मे

मामा रजेवर. कोणाच्या आठवणीत ते कधी रजेवर गेले नव्हते.

४ मे

दुपटी परत यायला लागलीत. मामांनी जाण्याआधी प्रत्येकाला स्वतः सांगितलं म्हणे. बायका पिशव्या आणून माझ्या टेबलावर ठेवतात. एकीने दोन आणली, दोन्ही पोरांची. एकीने माझ्यावर तोंडसुख घेतलं. "माझा मुलगा बारा वर्षांचा घोडा झालाय, काही झालं नाही त्याला, तू कोण सांगणारी?" मी ऐकून घेतलं. जाताना ती दारात वळली. म्हणाली, "त्याच्या काही तपासण्या करून घेऊ का?"

केंद्रावर माझ्याशी कोणी धड बोलत नाही. पट्ट्या मात्र सगळे घालतात. आज किरकोळ आगीची वर्दी आली, कुठल्याशा दुकानाचा फलक पेटला होता. विझल्यावर एकानेही मास्क काढला नाही. मला वाटलं होतं हे बघून आनंद होईल.

८ मे

मुलगी झाली!! पहाटे वहिनीला नेलं, सूर्य वर यायच्या आत झाली. एवढीशी, लालबुंद, आणि आवाज असा की बंबाची घंटा फिकी पडावी. दादा रडला. उघडपणे, सगळ्यांसमोर, दवाखान्याच्या बाकावर बसून.

दवाखान्याच्या पांढऱ्या टॉवेलात गुंडाळलेली आहे. कोरा टॉवेल. मी चार वेळा वास घेऊन बघितला.

डॉक्टर म्हणाल्या, सगळं छान आहे. मी विचारलं, पुढे? त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पुढचं कोणाचंच कोणी सांगू शकत नाही." बरोबर आहे. पण कोणाचंच सांगता येत नाही आणि हिचं सांगता येत नाही, यात फरक आहे. तो फरक आम्ही घरात आणला. प्रेमाने आणला, टाका घालून.

११ मे

आख्खं केंद्र बाळाला बघून गेलं. दारात बूट, आत कुजबुज, एकाने तर मी न विचारताच धुतलेले हात दाखवले. बुटक्याने तिला उचललं तर ती त्याच्या पंजात मावली.

मामा आले नाहीत. केंद्रातल्या प्रत्येक बाळाला बघायला सगळ्यात आधी येणारा माणूस. वहिनीने दुपारपासून दोनदा दाराकडे बघितलं, मग विचारलंच, "रागावलेत का गं?"

मी म्हटलं, नाही. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

१४ मे

दादा मामांच्या घरी जाऊन आला. दार उघडलं, पाणी दिलं, बाळाचं वजन विचारलं. पलंगावर कपाटातलं सामान काढून ठेवलेलं. दादाला वाटलं, निवृत्तीची आवराआवर. मामांनी एकच विचारलं — माझ्या पाकिटांच्या कडा आत दुमडायच्या की बाहेर?

दादाने सांगितलं, आत.

१७ मे

केंद्रावरची नमुन्यांची पेटी उघडली. पट्ट्यांच्या चपट्या पाकिटांखाली एक मोठं. उशीएवढं. फॉइल दुहेरी, कडा चारही बाजूंनी आत दुमडलेल्या, कुठे बोटाचा ठसा नाही. उचललं तर हलकं. हाताला मऊ लागलं.

लेबल मामांच्या अक्षरात.

नाव — छोटी.

आगी — शून्य.